सहा की सोळा? रिव्हॉल्व्हर, पिस्तूल आणि चापावरचं बोट

आजचा भाग जरा आवाज कमी करून ऐका, असं मी सुरुवातीलाच म्हटलं होतं. विषय बंदुकीचा आहे, लोकलमध्ये शेजारचा माणूस उगाच दचकायचा. हे त्याच भागाचं लेखी रूप. बोलताना अर्धवट सुटलेली वाक्यं इथे पूर्ण केली आहेत, बाकी गप्पा तशाच.

सुरुवात एका नेहमीच्या गोंधळापासून करू. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये मथळ्यात 'पिस्तूल' असतं, खाली मजकुरात 'रिव्हॉल्व्हर' होतं आणि सोबतच्या फोटोत गावठी कट्टा दिसतो. तिन्ही वस्तू वेगळ्या आहेत. कट्टा आज बाजूला ठेवू, कारण तो साधारणपणे एका वेळी एकच गोळी घेणारा, कुठल्याशा शेडमध्ये घडवलेला प्रकार. उरले दोघं. सिनेमात हे दोघंही सारखेच वागतात. हिरोच्या हातात सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर असतं, तो पंधरा गोळ्या झाडतो आणि कोणी मोजत नाही. खऱ्या आयुष्यात मात्र हे मोजणं फार महागात पडलेलं आहे. कोणाला, ते पुढे सांगतो.

आधी यंत्र समजून घेऊ. रिव्हॉल्व्हरमध्ये मधोमध एक फिरणारं सिलिंडर असतं. त्यात बहुतेक वेळा पाच किंवा सहा घरं, प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढला की तीन कामं होतात: सिलिंडर एक घर पुढे सरकतं, हातोडी मागे जाते, आणि मग ती सुटून काडतुसाच्या बुडावर आदळते. या तिन्ही कामांची ताकद कुठून येते? तुमच्या बोटातून. म्हणून रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो. पोलिसांच्या वापरातल्या रिव्हॉल्व्हरचा चाप शेवटपर्यंत ओढायला साधारण पाच किलोच्या आसपास जोर लागतो. तांदळाची पाच किलोची पिशवी एका बोटात अडकवून उचलून बघा, म्हणजे अंदाज येईल. जुन्या सिनेमात हातोडी अंगठ्याने मागे ओढून 'खट्' आवाज करतात ना? तसं केलं की चाप एकदम हलका होतो. म्हणजे त्या आवाजाला अर्थ आहे, नुसती स्टाइल नाही.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचं तत्त्वच वेगळं. काडतुसं मुठीच्या आत, मॅगझिनमध्ये, एकावर एक रचलेली. खालून स्प्रिंग त्यांना वर ढकलत असते. गोळी सुटली की मागे येणारा झटका वरची स्लाइड मागे ढकलतो, त्यात रिकामी पुंगळी बाहेर उडते, आणि स्लाइड परत पुढे येताना पुढचं काडतूस नळीच्या मागच्या कोठीत, म्हणजे चेंबरमध्ये बसवते. थोडक्यात, पुढच्या गोळीची तयारी आधीची गोळीच करून ठेवते. बोटाला फारसं काम उरत नाही, त्यामुळे चाप हलका ठेवता येतो. 'सेमी' एवढ्यासाठी, की चाप एकदा ओढला की एकच गोळी. दाबून धरलं म्हणून धडधड गोळ्या सुटत नाहीत.

या एका फरकातून बाकी सगळं निघतं. काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हरवाला पुन्हा चाप ओढतो, पुढचं घर समोर येतं. पिस्तूलवाल्याला दुसऱ्या हाताने स्लाइड ओढून ते काडतूस बाहेर फेकावं लागतं. पिस्तूल नीट घट्ट धरलं नाही, तरी स्लाइडचा प्रवास अर्धवट राहून पुंगळी अडकू शकते. रिव्हॉल्व्हर तसं क्वचित अडकतं, पण अडकलं की जागच्या जागी मोकळं होणं कठीण. उलट संपलेल्या गोळ्या भरायच्या तर पिस्तुलाचं मॅगझिन बदलायला दोन-तीन सेकंद पुरतात. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडा, पुंगळ्या पाडा, सहा घरांत सहा काडतुसं घाला. यासाठी सहा काडतुसं एकदम बसवणारा स्पीडलोडर मिळतो, पण थरथरणाऱ्या हाताला तोही सापडत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. रिव्हॉल्व्हर भरलेलं आहे का ते सिलिंडर उघडलं की लख्ख दिसतं. पिस्तुलाचं मॅगझिन काढून घेतलं, तरी एक काडतूस चेंबरमध्ये बसलेलं असू शकतं. 'मॅगझिन काढलंय, रिकामं आहे' या वाक्याने जगभर माणसं मेली आहेत.

मग निवडायचं काय? बंदूक ठेवावी की ठेवू नये हा वेगळा वाद, त्यासाठी वेगळा भाग करावा लागेल. पण 'दोघांपैकी चांगलं कोणतं' या प्रश्नाचं उत्तर यूट्यूबवरचे लोक दहा मिनिटांत देऊन टाकतात, तेव्हा मला एकच सुचवावंसं वाटतं. हा प्रश्न लाखो माणसांसाठी एकदम सोडवायची वेळ एका देशावर आली होती, त्यांचं काय झालं ते बघा. तो देश म्हणजे अमेरिका, काळ १९८० आणि ९० ची दशकं, आणि माणसं म्हणजे तिथले पोलीस.

पिस्तूल तेव्हा नवीन नव्हतं. सॅम्युअल कोल्टचं रिव्हॉल्व्हरचं अमेरिकी पेटंट १८३६ चं, आणि जॉन ब्राउनिंगने रचलेलं पिस्तूल अमेरिकन लष्कराने १९११ मध्येच स्वीकारलं. म्हणजे सैनिकाच्या कमरेला पिस्तूल आलं, पण पोलिसाच्या कमरेला पुढची सत्तर वर्षं रिव्हॉल्व्हरच राहिलं. स्मिथ अँड वेसनचं पॉइंट ३८ बोअरचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, चामड्याच्या होल्स्टरमध्ये. इलिनॉय राज्याच्या पोलिसांनी १९६७ मध्ये ९ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं, पण बाकीचे ढिम्म. कारण साधं होतं. बहुतेक पोलिसांना आख्ख्या नोकरीत ड्युटीवर एकही गोळी झाडावी लागत नाही. वर्षभर होल्स्टरमध्ये पडून राहिलं तरी हवं तेव्हा चालेल, असं हत्यार त्यांना हवं होतं.

मग १९८६ साल आलं. त्या एका वर्षातल्या दोन घटना लक्षात ठेवा.

११ एप्रिल, मायामी. एफबीआयच्या आठ एजंटांनी बँक आणि कॅशगाड्या लुटणाऱ्या दोघांची गाडी अडवली. त्यातल्या मायकेल प्लॅटकडे सेमी-ऑटोमॅटिक रायफल होती. पाच मिनिटांच्या आत सुमारे १४५ गोळ्या झाडल्या गेल्या. बेंजामिन ग्रोगन आणि जेरी डव्ह हे दोन एजंट ठार झाले, आणखी पाच जखमी झाले. एजंटांपैकी काहींकडे रिव्हॉल्व्हर, काहींकडे ९ मिलिमीटर पिस्तूल. रिव्हॉल्व्हरवाल्या दोघांच्या हातालाच गोळी लागली आणि त्यांना काडतुसं पुन्हा भरता येईनात. फुटलेल्या, रक्ताळलेल्या बोटांनी ती एवढीशी घरं भरायची कशी? पण थांबा, डव्ह यांच्या पिस्तुलावरही गोळी बसली आणि तेही निकामी झालं. डव्ह यांचीच एक गोळी आधी प्लॅटच्या दंडातून छातीत शिरली होती, ती हृदयाच्या अलीकडे इंचभर अंतरावर थांबली. प्लॅट त्यानंतरही लढत राहिला. शेवट कोणी केला? एडमुंडो मिरेलेस या एजंटाने. एक हात रायफलच्या गोळीने निकामी झालेला असताना त्याने एका हाताने शॉटगन चालवली, आणि ती संपल्यावर पुढे चालत जाऊन रिव्हॉल्व्हरने त्या दोघांना संपवलं.

बघा, गंमत आहे. 'रिव्हॉल्व्हरचा जमाना संपला' हे सिद्ध करायला जी चकमक सगळे सांगतात, तिचा शेवट रिव्हॉल्व्हरने झाला. आणि तिथे खरा फरक पाडला तो रायफलने. कमरेच्या कोणत्याही हत्याराने रायफलशी बरोबरी होत नाही. पण दोन सहकारी गेल्यावर संस्थेला काहीतरी बदललेलं दाखवावं लागतं. रायफलसमोर कमरेचं हत्यार घेऊन जाण्याची वेळ का आली, हा प्रश्न अवघड. कमरेचं हत्यार बदलणं सोपं. एफबीआयने दोष त्या इंचभर कमी पडलेल्या गोळीवर ठेवला, जास्त दणकट १० मिलिमीटरचं पिस्तूल आणलं, त्याचा झटका अनेकांना झेपेना, मग पॉइंट ४० वर आले, आणि शेवटी २०१०च्या दशकात फिरून पुन्हा ९ मिलिमीटरवरच. सुधारलेल्या गोळ्या होत्या म्हणा, पण वर्तुळ पूर्ण झालंच.

दुसरी घटना त्याच वर्षीच्या जूनमधली, न्यूयॉर्कची. क्वीन्स भागात २२ वर्षांचा एक पोलीस एका संशयिताच्या मागे धावला. त्याच्या रिव्हॉल्व्हरमधल्या सहाही गोळ्या संपल्या. तो खाली वाकून पुन्हा भरत होता, तेवढ्यात ९ मिलिमीटर पिस्तूलवाल्या संशयिताने जवळ येऊन त्याला मारलं. ही घटना मायामीइतकी गाजली नाही, पण गस्तीवरच्या पोलिसाच्या मनात हीच बसली. सहा गोळ्या, आणि मग ते लांबच लांब काही सेकंद. पोलीस संघटना पिस्तुलं मागू लागल्या. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

नेमक्या याच वेळी ऑस्ट्रियाहून ग्लॉक आलं. गास्तोन ग्लॉक या कारखानदाराने त्याआधी कधी पिस्तूल बनवलेलं नव्हतं. पडद्याच्या दांड्या, चाकू असा माल होता त्याचा. १९८२ मध्ये ऑस्ट्रियन लष्कराने त्याचं पिस्तूल निवडलं. सांगाडा प्लॅस्टिकचा, वजन कमी, मॅगझिनमध्ये १७ गोळ्या, सुटे भाग थोडे. आणि बाहेरून सेफ्टीचं बटण नाही. सेफ्टी चापातच बसवलेली. बोट चापावर गेलं की ती उघडते. विकणारे सांगायचे, रिव्हॉल्व्हरसारखंच सोपं, काढा आणि झाडा.

सोपं होतंच. पण ग्लॉकचा चाप साधारण अडीच किलोचा आणि त्याचा प्रवास छोटा. वर्षानुवर्षं रिव्हॉल्व्हर वापरलेल्या पोलिसाला एक सवय लागलेली असते: संशयिताकडे बंदूक रोखली की बोट आपसूक चापावर टेकवायचं. रिव्हॉल्व्हरमध्ये ही वाईट सवय खपून जायची, कारण तो जड, लांब चाप चुकून ओढला जाणं अवघड. वॉशिंग्टन शहराच्या पोलिसांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ग्लॉक घेतलं. पुढच्या दहा वर्षांत तिथे चुकून गोळी सुटण्याच्या शंभराहून जास्त घटना झाल्या. हे १९९८ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापलं. त्यातही तेच मॅगझिनचं दुखणं. ग्लॉक साफ करायला खोलायचं तर आधी चाप ओढावा लागतो, आणि चेंबरमध्ये काडतूस राहिलेलं असेल तर, अर्थातच, धडाम. पोलिसांची भरती घाईत झाली होती, सराव कमी पडला होता. हत्यार बदललं, पण हात तेच जुने राहिले.

न्यूयॉर्क पोलीस हे सगळं बघत होते. १९९३ मध्ये त्यांनी पिस्तुलाला परवानगी दिली तेव्हा एक अजब तोड काढली. पिस्तूल घ्यायचं, पण चाप मुद्दाम जड करून. सुमारे १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलो. पिस्तुलाच्या आत रिव्हॉल्व्हरचा चाप! मला हा सगळा इतिहास वाचताना सर्वात जास्त बोलकी वाटलेली गोष्ट ही. मोठ्या मोठ्या समित्यांनी विचार करून शेवटी ठरवलं, की आम्हाला पिस्तुलाच्या गोळ्या हव्यात, पण बोटावर विश्वास नाही.

त्याची किंमत नेमबाजीत चुकवावी लागली. जड चाप ओढताना आख्खा हात हलतो, नेम सरकतो. २००८ मध्ये रँड या संशोधन संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास केला. समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या शंभरातल्या फक्त १८ गोळ्या लागत होत्या, समोरून गोळीबार नसेल तेव्हा ३०. रँडने हलका चाप तपासून बघा, असंही सुचवलं. चाप हलका केला तर चुकून गोळी सुटते, जड केला तर गोळी भलतीकडे जाते. शहरात 'भलतीकडे' म्हणजे कोणाची तरी खिडकी, कोणीतरी रस्त्याने चाललेलं.

आता त्या मोजण्याकडे येऊ. ४ फेब्रुवारी १९९९, मध्यरात्रीनंतर, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग. आमादू डियालो, २३ वर्षांचा, गिनी देशातून आलेला, रस्त्यावर किरकोळ वस्तू विकणारा मुलगा, स्वतःच्या इमारतीच्या दारात उभा होता. साध्या कपड्यातले चार पोलीस एका संशयिताच्या शोधात आले. त्याने खिशात हात घालून पाकीट काढलं. एकाला ती बंदूक वाटली. तो ओरडला, गोळीबार सुरू झाला, एक पोलीस पायरीवरून मागे पडला आणि बाकीच्यांना वाटलं, त्याला गोळी लागली. काही सेकंदांत ४१ गोळ्या. त्यातल्या १९ डियालोला लागल्या. त्याच्याकडे कोणतंही हत्यार नव्हतं.

४१ चा हिशेब बघा. दोघांनी प्रत्येकी १६, एकाने ५, एकाने ४. सोळा म्हणजे मॅगझिनमधल्या पंधरा आणि चेंबरमधली एक. म्हणजे दोघांनी पिस्तूल पूर्ण रिकामं होईपर्यंत चाप ओढला. तोच साडेपाच किलोचा जड चाप, सोळा वेळा. चौघांकडे रिव्हॉल्व्हर असती तर जास्तीत जास्त २४ गोळ्या सुटल्या असत्या. त्यातही डियालो वाचला नसता, कदाचित. पण रिव्हॉल्व्हरमध्ये सहाव्या गोळीनंतर एक सक्तीचा थांबा येतो. क्वीन्समधल्या त्या तरुण पोलिसाचा जीव ज्या थांब्याने घेतला, तोच हा थांबा. ब्राँक्समध्ये तो असता तर कोणाला तरी दिसलं असतं, की समोरून एकही गोळी आलेली नाही. एकच गोष्ट, दोन रस्त्यांवर, दोन उलट अर्थ.

चौघा पोलिसांवर खटला चालला, २००० मध्ये ते निर्दोष सुटले. २००४ मध्ये शहराने कुटुंबाला ३० लाख डॉलर दिले. २००६ मध्ये क्वीन्समध्ये शॉन बेल या तरुणावर, त्याच्या लग्नाच्या दिवशी पहाटे, पोलिसांनी ५० गोळ्या झाडल्या. त्यातल्या ३१ एकट्या पोलिसाच्या. म्हणजे त्याने मध्ये मॅगझिन बदललं होतं. बेल आणि त्याच्या मित्रांकडेही बंदूक नव्हती. अमेरिकन वर्तमानपत्रांत तेव्हा 'गोळीबाराची लागण' अशा अर्थाचा शब्द फिरत होता: एकाने झाडली की शेजारचाही झाडतो. ही लागण माणसांतून माणसांत जाते, पिस्तुलातून नाही, हे खरंच. पण ती कुठे थांबते, ते मॅगझिन ठरवतं.

न्यूयॉर्कमध्ये ज्या जुन्या पोलिसांनी रिव्हॉल्व्हर सोडायला नकार दिला होता, त्यांना ते ठेवायची मुभा होती. ती २०१८ मध्ये संपली. पंचवीस वर्षं लागली. आणि एकदा पिस्तूल आल्यावर कोणी परत रिव्हॉल्व्हरकडे गेलं नाही. माझंही मत विचाराल तर रोज सराव करणाऱ्या, नोकरीचा भाग म्हणून हत्यार वापरणाऱ्या माणसासाठी पिस्तूलच बरं. 'रोज सराव करणाऱ्या' हे तीन शब्द मात्र खोडायचे नाहीत.

आपल्याकडे चित्र वेगळं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार सामान्य माणसाला ९ मिलिमीटर किंवा पॉइंट ३८ बोअर मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये येतं. परवाना मिळालाच, तर शहरात पोलीस आयुक्तांकडून, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून. मग निवड उरते ती मुख्यतः पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर की पॉइंट ३२ चं पिस्तूल. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी शस्त्रकारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' आणलं, ते सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात. किमतीवरून टीका झाली, ती रास्तच. पण सराव नसलेल्या हाताला रिव्हॉल्व्हर देण्यामागचं गणित तेच, जड चाप आणि डोळ्यांना दिसणारी घरं.

आणि मग १ ऑक्टोबर २०२४. अभिनेता गोविंदाच्या मुंबईतल्या घरी पहाटे त्याचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर हातातून निसटलं, गोळी सुटली आणि त्याच्याच पायाला लागली, असं सांगण्यात आलं. तेव्हा व्हॉट्सअपवर सगळे विचारत होते, पडल्यावर गोळी कशी सुटेल? सुटू शकते. जुन्या रचनेत हातोडी थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेली असते, तिच्यावर दणका बसला की झालं. म्हणूनच जुने लोक सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसं भरायचे आणि हातोडीखालचं घर रिकामं ठेवायचे. दुसऱ्या महायुद्धात एका अमेरिकन नौसैनिकाचा पडलेल्या रिव्हॉल्व्हरने जीव गेला, त्यानंतर स्मिथ अँड वेसनने हातोडीला अडवणारा भाग बदलून जास्त भरवशाचा केला. आजच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तशी पट्टी असते आणि चाप पूर्ण ओढल्याशिवाय हातोडी काडतुसापर्यंत पोचत नाही. पण आजोबांच्या परवान्यावरून वारसाने आलेलं, कपाटात साडीच्या घडीखाली पडलेलं रिव्हॉल्व्हर कोणत्या काळातलं आहे, हे घरातल्यांना बहुधा ठाऊक नसतं. परवानाधारक कारागिराकडून ते एकदा तपासून घ्यावं लागतं. निवडणुकीच्या वेळी ते पोलीस ठाण्यात जमा करायला जाल, तेव्हा भरलेलं घेऊन जाऊ नका एवढं तरी करा.